रान, जांगल आणि गौताळ्याचे अवशिष्ट वन

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीच्या औरंगाबादेहून) वेरूळमार्गे कन्नडकडे उन्हाळ्यात प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीस जो प्रदेश पडतो, त्यात झाड ही अपवादात्मक वस्तू आहे. नांगरून ठेवलेली काळी शेते, मधूनमधून मुरमाड माळ, बांधावर एखादी बाभूळ किंवा निंब आणि ओढ्याकाठी वेड्या बाभळीची दाटी, असे हे दृश्य सुमारे साठ किलोमीटर फारसे न बदलता चालते. कन्नड मागे पडल्यावर मात्र सातमाळा-अजिंठा डोंगररांगेची कड जवळ येते, पठार एकाएकी तुटते आणि खाली खानदेश दिसू लागतो. या कडेच्या उतारांवर व दऱ्यांत एक सलग वन आजही उभे आहे. कन्नड आणि चाळीसगाव या तालुक्यांत पसरलेल्या या वनाचे सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्र १९८६ मध्ये ‘गौताळा-औट्रमघाट अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. नावाचा पूर्वार्ध गौतम ऋषींच्या तपश्चर्येची स्थानिक आख्यायिका सांगतो, तर उत्तरार्धात खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव अडकून राहिले आहे.

कोरड्या मुलखात असे एकाकी वन दिसले म्हणजे त्याची एक उपपत्ती सहजच सुचते. पूर्वी हा सारा प्रदेश घनदाट अरण्याने व्यापलेला होता. रामायणातील दंडकारण्य ते हेच. माणसाने कुऱ्हाड चालविली, गुरे चारली, शेती वाढविली. त्यातून जे उरले ते गौताळा. ही उपपत्ती शालेय पुस्तकांपासून शासकीय अहवालांपर्यंत सर्वत्र गृहीत धरली जाते, आणि गृहीत धरली जाते म्हणूनच ती कोणी तपासत नाही. वस्तुतः तिच्यात दोन स्वतंत्र विधाने एकत्र आली आहेत. गौताळ्याच्या परिसरात तोड झाली, हे पहिले विधान. त्याविषयी वाद नाही. भोवतालचा सारा माळ पूर्वी गौताळ्यासारखाच किंवा त्याहून दाट वनाने झाकलेला होता, हे दुसरे. या दुसऱ्या विधानाला आधार काय, आणि या प्रश्नात भाषेची साक्ष कितपत उपयोगी पडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एका दूरच्या उदाहरणाचा विचार करू. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याच्या दक्षिण-मध्य भागात ‘हरवलेले वन’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे पाइन वृक्षांचे एक वन आहे. त्याचा विस्तार सुमारे ९,००० एकर. सभोवती दवण्याच्याच प्रजातीत मोडणाऱ्या करड्या, उग्र वासाच्या झुडपांचा कोरडा मुलूख पसरला आहे, आणि याच जातीच्या पाइनचे दुसरे वन गाठण्यास सुमारे चाळीस मैल जावे लागते. तेथे वर्षाकाठी नऊ-दहा इंचच पाऊस पडतो. या वृक्षाला साधारणतः चौदा इंच तरी लागतो. तरीही वन जगते, याचे कारण जमिनीत आहे. वर वाळूचा थर आहे आणि त्याखाली प्राचीन सरोवराच्या तळाचा कठीण, पाणी न झिरपू देणारा थर आहे. पडलेले पाणी वाळू शोषून घेते, खालचा थर ते अडवून धरतो आणि मुळांना ते पोचते. म्हणजे हे वन अधिक ओलसर अशा गतकाळाचा अवशेष असले, तरी कोणी भोवतालचे झाड तोडल्यामुळे ते एकाकी पडलेले नाही. हवामान पालटले, वने मागे सरली, आणि जेथे जमिनीने साथ दिली तेथे एक तुकडा राहिला. ‘अवशेष’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यात या दोन निराळ्या घटना मिसळून जातात, हे येथे ध्यानात घ्यावयाचे.

आता गौताळ्याकडे वळू. मराठवाड्याचा हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि तेही बहुतांशी चार महिन्यांत पडते. वनशास्त्राच्या परिभाषेत येथील वन शुष्क पानझडी वर्गातले. साग, धावडा, खैर, सालई, अंजन, टेंभुर्णी, मोह, पळस, बिबा, बोर हे येथील वृक्ष. उन्हाळ्यात यांपैकी बहुतेक निष्पर्ण होतात आणि डोंगर राखाडी दिसू लागतो. पावसाळ्यातील हिरवाईची छायाचित्रे पाहून आलेला प्रवासी वैशाखात येथे आला तर निराश होईल. या यादीतील ‘अंजन’ या नावाशी मात्र क्षणभर थांबले पाहिजे. महाबळेश्वर-माथेरानकडे अंजन किंवा अंजनी म्हणतात तो निळसर-जांभळ्या फुलांचा सदाहरित वृक्ष निराळा. खानदेशाच्या आणि या डोंगरांच्या बोलीतला अंजन निराळा. हा दुसरा शिंबावंत कुळातील असून त्याची मुळे खडकाच्या फटींतून खोल जातात, आणि कोरडेपणाशी त्याचे जन्माचे नाते आहे. एखाद्या जुन्या कागदात ‘अंजनाचे रान’ असे शब्द सापडले, आणि वाचणाऱ्याने सह्याद्रीतला अंजन मनात धरला, तर कोरड्या खानदेशात सदाहरित अरण्य होते असा निष्कर्ष निघण्यास कितीसा वेळ लागणार? भाषेची साक्ष घ्यावयाची, पण ती कोणत्या बोलीतील आहे हे विचारून घ्यावयाची.

या वृक्षांची नावे जुन्या ग्रंथांत शोधू लागल्यावर एक लक्षणीय गोष्ट आढळते. चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. जांगल देश म्हणजे जेथे आकाश मोकळे, वारा कोरडा व प्रखर, पाणी थोडे. आणि तेथील वृक्ष म्हणून जी नामावली दिली आहे तीत खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, आमलकी, शमी यांचा समावेश होतो. खदिर म्हणजे खैर, धव म्हणजे धावडा, शल्लकी म्हणजे सालई, बदरी म्हणजे बोर, तिंदुक म्हणजे टेंभुर्णी. याउलट आनूप देशात तमाल, नारिकेल, कदली यांची गर्दी. चरकाची सगळीच यादी गौताळ्यास लागू पडते असे नाही. तीत सालवृक्षही आहे आणि तो दख्खनच्या या भागात नाही. परंतु आनूप आणि जांगल यांपैकी गौताळा कोणत्या पारड्यात पडतो याविषयी शंका राहत नाही. दुसरा मुद्दा असा की, चरकाच्या जांगल देशात वृक्षांचे गहन समूहही आहेत. जांगल म्हणजे वृक्षहीन नव्हे. मोकळ्या भूमीत मधूनमधून कोरड्या जातीच्या झाडांचे पुंजके उभे असलेला देश तो जांगल.

आणि येथेच शब्दाचा खेळ सुरू होतो. आज ‘जंगल’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात दाट, अंधाऱ्या, ओल्या वनाचे चित्र उभे राहते. ज्या संस्कृत शब्दापासून तो आला त्याचा अर्थ जवळजवळ याच्या उलट होता. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने कोठे वास्तव्य करावे हे सांगताना धान्यसंपन्न जांगल देश निवडावा असा उपदेश आहे. जांगलचा अर्थ निबिड अरण्य असा असता तर हा उपदेश हास्यास्पद ठरला असता. फ्रेंच विद्वान फ्रान्सिस झिमरमन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आयुर्वेदाच्या आधारे या अर्थविपर्यासाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. त्याआधी कितीतरी वर्षे, १८८६ मध्ये, यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही ‘जंगल’चा मूळ अर्थ पडीक, अनाकृष्ट भूमी असा असल्याची नोंद आहे. पडीक भूमीपासून झुडपांची भूमी, तेथून झाडांची भूमी आणि अखेरीस घनदाट वन, अशी ही अर्थाची पायरीपायरीने झालेली चढण आहे. इंग्रजीने हा शब्द उचलून त्यात उष्ण कटिबंधातील दमट अरण्याचा अर्थ भरला, आणि तोच भरलेला अर्थ शाळा, वृत्तपत्रे व चित्रपट यांच्याद्वारे आपल्याकडे परत आला. गौताळा हे आधुनिक अर्थाने जंगल आहे म्हणून त्याचे कौतुक होते. प्रत्यक्षात ते प्राचीन अर्थाने जांगल आहे.

‘अरण्य’ या शब्दाची कथाही अशीच. वैदिक भाषेत ‘अरण’ म्हणजे दूरचा, परका, त्यापासून ‘अरण्य’. ग्रामाच्या पलीकडचे, वस्तीबाहेरचे ते अरण्य. त्या ठिकाणी झाडे किती हा प्रश्न या शब्दात मुळात नाही. प्राकृतातून ‘रण्ण’ या रूपाने हा शब्द मराठीत ‘रान’ होऊन आला, आणि मराठीने मूळ अर्थ संस्कृतच्या अभ्यासकांपेक्षा अधिक निष्ठेने जपला. मराठवाड्यातला शेतकरी ‘रानात जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा तो वाघाच्या तोंडी जात नाही, शेतावर जातो. ‘गायरान’ म्हणजे गावच्या गुरांची चराईची जमीन, गवताची. ‘माळरान’ तर उघडाच शब्द आहे; त्यातला ‘माळ’ म्हणजे उंचवट्यावरची सपाट जमीन, आणि खुलताबादेजवळच्या म्हैसमाळच्या नावातही तोच आहे. झाडांच्या समूहासाठी मराठीला निराळे शब्द लागले: बन, राई, झाडी. यांतील ‘बन’ हा ‘वन’चाच तद्भव आहे; पण केतकीचे बन, बाभळीचे बन असे आपण म्हणतो ते एका जातीच्या, आटोपशीर समूहाला. विशाल अरण्याच्या अर्थाचे ‘वन’ मराठीत पुन्हा संस्कृतातून आणावे लागले, आणि ते मुख्यतः सरकारी खात्याच्या पाटीवर राहिले. बोलीने ज्या वस्तूला स्वतःचा तद्भव शब्द ठेवला नाही ती वस्तू बोलणाऱ्यांच्या भोवती नव्हतीच, असा नियम करणे धोक्याचे आहे. तरीही गवताळ, मोकळ्या भूमीच्या छटा दाखवणारे इतके शब्द आणि सलग अरण्याला एकही खास शब्द नाही, ही विषमता डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

दंडकारण्याच्या आधारावर सांगितले जाणारे मत या व्युत्पत्तीपुढे बरेच सैल होते. दंडकारण्य म्हणजे दंडकाचा वस्तीबाहेरचा मुलूख. त्यात झाडी होती, माळ होते, नद्या होत्या, आणि वस्ती विरळ होती. याला एक परदेशी समांतर साक्षही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-व्यापाऱ्याच्या वृत्तांतात भडोचच्या पाठीमागच्या दक्षिणापथाचे वर्णन येते. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तेथून तगर (तेर) पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, आणि माल गाड्यांतून मोठ्या आडवाटांनी आणला जातो, असे तो लेखक सांगतो. या अंतर्भागात पुष्कळ ओसाड मुलूख, मोठे पर्वत आणि वाघ, बिबटे, हत्ती, अजगर, तरस असे प्राणी असल्याचेही तो नोंदवतो. इंग्रजी भाषांतरांत ‘ओसाड’च्या जागी वाळवंटाचा वाचक शब्द येतो आणि त्यावरून कोणी तेथे वाळवंट होते असे म्हणेल, हत्ती व वाघ पाहून दुसरा कोणी तेथे महारण्य होते असे म्हणेल. मूळ ग्रीक ‘एरेमोस’ या शब्दाचा अर्थ निर्जन एवढाच आहे. म्हणजे ग्रीक व्यापारी आणि वैदिक कवी या दोघांनाही माणसाचा अभाव दिसत होता, आणि आपण त्यांच्या शब्दांतून झाडांची मोजदाद करू पाहतो.

तेराव्या शतकात आपल्याला अधिक घट्ट जमीन मिळते. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांचा संचार पैठण, एळापूर म्हणजे आजचे वेरूळ, लोणार अशा याच मुलखातून होतो. या ग्रंथाचा हेतू भूगोल सांगण्याचा नाही, आणि म्हणूनच त्यात सहजगत्या आलेला तपशील मोलाचा आहे. पारध्यांनी कुत्री सोडून पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली आश्रयाला येतो, ही लीळा सर्वश्रुत आहे. कुत्र्यांकडून सशाची शिकार हा माळावरचा उद्योग आहे. दाट अरण्यात तो चालत नाही. एका लीळेवर सिद्धान्त उभारता येणार नाही हे खरे. परंतु आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मराठीतील जुने वाङ्मय, ओव्या, दैवतकथा आणि स्थळनामे यांतील वनस्पतींचे उल्लेख पद्धतशीर गोळा केले आहेत. पश्चिम महाराष्ट्राचा कोरडा गवताळ प्रदेश हा अलीकडच्या जंगलतोडीतून निर्माण झालेला नसून निदान साडेसातशे वर्षे तरी तो असाच आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वनस्पतिशास्त्राने मराठी ग्रंथालयाची पायरी चढावी ही गोष्ट या विद्यापीठीय वर्तुळात आनंदाची खरी. पण ही पायरी भाषेच्या अभ्यासकांनी आधी का चढली नाही, असा प्रश्नही तिच्याबरोबर येतो.

स्थळनामांविषयी थोडे सावधगिरीने बोलले पाहिजे, कारण या विषयात उत्साह फार आणि पद्धत थोडी. कन्नड तालुक्यात हिवरखेडा आहे, चिंचोली आहे. फुलंब्री भागात बोरगाव आहे. बाभुळगाव, पळसगाव, पिंपळगाव, वडगाव ही नावे तर मराठवाड्यात ठिकठिकाणी आढळतात. ‘पाहा, गावोगाव झाडांची नावे, तेव्हा हा सारा वृक्षमय प्रदेश होता’ असे प्रतिपादन अनेकदा ऐकू येते. नाव कशासाठी दिले जाते, याचा विचार त्यात राहून जातो. नाव भेद दाखवण्यासाठी असते. ज्या शिवारात हजारो वड आहेत तेथील गावाला वडगाव म्हटल्याने ते ओळखू येणार नाही. जेथे दुरून दिसणारा एकच वड आहे तेथेच ते नाव उपयोगी. म्हणजे वडगाव-पिंपळगाव यांसारखी नावे वृक्षांच्या विपुलतेपेक्षा त्यांच्या विरळपणाचीच साक्ष देत असण्याचा संभव अधिक. हिवर, बाभूळ, बोर, पळस यांवरून आलेल्या नावांचा प्रकार वेगळा. ही झाडे एकेकटी नावाजण्याजोगी नसतात, त्यांचे बन होते. पण ती सगळी उन्हात वाढणारी, सावलीत न टिकणारी आणि बहुतेक काटेरी. दोन्ही प्रकारची नावे मोकळ्या मुलखाकडेच बोट दाखवतात.

वृक्षांच्या सामान्य नावांचीही एक साक्ष आहे. खदिरपासून खैर, धवपासून धावडा, शल्लकीपासून सालई, बदरपासून बोर, शाल्मलीपासून सावर: ही रूपे प्राकृताच्या वाटेने, ध्वनिपरिवर्तनाचे सर्व नियम पाळून, मराठीत उतरली आहेत. कोशात पाहून उचललेला शब्द असा झिजत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तोंडात असलेला शब्दच झिजतो. तमाल मात्र मराठीत आजही तमालच आहे. नारळ आणि केळ हे तद्भव असले तरी ते लागवडीच्या पिकांचे शब्द आहेत आणि पिकांबरोबर शब्दही प्रवास करतात. तेव्हा या युक्तिवादाचे वजन मर्यादित आहे. पण काटा कोणत्या बाजूला झुकतो ते स्पष्ट आहे.

शब्दांच्या साक्षीला भूशास्त्राची जोड मिळाली नसती तर हा सारा विचार अनुमानाच्या पातळीवरच राहिला असता. सुदैवाने ती मिळाली आहे, आणि तीही याच प्रदेशातून. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. त्याच्या तळाशी साचलेल्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा स्तंभ काढून त्यावरून गेल्या अकरा-एक हजार वर्षांच्या पर्जन्याचा इतिहास लावण्यात आला. सुषमा प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार आजपासून सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड येथे येऊन गेले. दुसरा कालखंड सातवाहनांपासून यादवांच्या अस्तापर्यंत पोचतो. लीळाचरित्राचा काळ त्याच्या शेवटच्या भागात येतो. गोदावरीच्या मुखासमोरील समुद्रतळाच्या गाळातही हीच कथा वाचता येते. नदीने वाहून नेलेल्या पानांवरील मेणाचे अंश त्या गाळात टिकतात आणि त्यांतील कार्बनच्या प्रकारांवरून ती पाने दमट प्रदेशातील झाडांची की कोरडेपणा सोसणाऱ्या गवतवर्गीय वनस्पतींची, हे ओळखता येते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाप्रमाणे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात शुष्क वनस्पतींचे प्रमाण वाढत गेले आणि सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपासून ते टिकून आहे. पैठणच्या घाटाखालून वाहणाऱ्या पाण्याने हे पुरावे समुद्रापर्यंत नेले, असे म्हणण्यास हरकत नाही. अर्थात सगळे खोरे म्हणजे मराठवाडा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर त्याला एवढी जागा देण्याचे कारण नव्हते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाच्या एक-तृतीयांश भूमीवर वन किंवा वृक्षाच्छादन असावे असे उद्दिष्ट ठेवले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला. जेथे वन कमी तेथे रोपे अधिक, हा हिशोब मराठवाड्याला लागू करताना मोकळी जागा शोधली जाते आणि ती अर्थातच माळावर व गायरानात सापडते. महसुली कागदात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली भूमी म्हणजे तोडलेले वन, ही समजूत त्या हिशोबाच्या मुळाशी आहे. परंतु तो माळ तोडलेले वन नसून हजारो वर्षांचा स्वतंत्र भूप्रकार असेल, तर त्यावर ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करणे म्हणजे पुनःस्थापना नव्हे, विस्थापना होय. काळवीट, लांडगा, खोकड, तणमोर यांना सावली नको असते. माळढोक तर सोलापूरच्या नान्नजसारख्या संरक्षित माळावरूनही जवळजवळ दिसेनासा झाला. मेंढपाळाच्या कळपाला झाडाखालचे विरळ गवत पुरत नाही. एका शब्दाचा अर्थ पालटल्याने धोरण पालटते, आणि धोरण पालटल्याने धनगराची वाट बंद होते, इतका हा संबंध सरळ आहे.

मग गौताळा हा अवशेष नव्हेच काय? आहे, परंतु कशाचा, हे नीट सांगितले पाहिजे. भाषाशास्त्रातही अवशिष्ट क्षेत्राची कल्पना आहे. नव्या रूपांची लाट मध्यवर्ती प्रदेशात पसरते आणि डोंगराळ, आडबाजूच्या भागात जुनी रूपे शिल्लक राहतात, असे बार्तोली आदी इटालियन पंडितांनी प्रतिपादले. ही कल्पना उपयुक्त आहे, पण ती आंधळेपणाने लावता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली भाषा घ्या. कोणत्याही ज्ञात भाषाकुलात न बसणाऱ्या या भाषेत कोरकू, मराठी आणि द्राविडी शब्दांचा भरणा मोठा आहे, आणि तो बाजूला काढल्यावर सुमारे चतुर्थांश शब्दसंग्रह असा उरतो की ज्याचा मागमूस अन्यत्र लागत नाही. तिला एखाद्या प्राचीन, विस्तृत भाषेचा शेवटचा तुकडा मानण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात ती एका समूहाने इतरांपासून लपण्यासाठी वापरलेली सांकेतिक बोली असू शकेल, ही शक्यताही विचारात घेतली. एकाकी वस्तू जुनी असतेच असे नाही, आणि जुनी असली तरी ती पूर्वी सर्वत्र होती असेही नाही.

गौताळ्याचे बहुतांश क्षेत्र याच दृष्टीने पाहावे लागते. तेथील खैर-सालई-धावडा हे कोणत्याही लुप्त महारण्याचे उरलेले सैनिक नाहीत. ते जांगल देशाचे मूळ रहिवासी आहेत. पूर्वी असे पुंजके डोंगराडोंगरांवर अधिक असतील आणि ते तुटले असतील, यात संशय नाही. पण ते उतारावर, उथळ व दगडाळ भूमीवर होते. खोल काळ्या मातीच्या सपाटीवर, जी उन्हाळ्यात वीतभर भेगाळते आणि झाडाची कोवळी मुळे तोडून टाकते, तेथे गवताचेच राज्य असणार. पुढे तेथे ज्वारी आणि कापूस आले. उतारावर नांगर चालत नाही म्हणून वन राहिले, हे कारण साधे वाटले तरी सर्वांत बलवान आहे.

खऱ्या अर्थाने ओरेगॉनच्या वनाशी ज्यांचे नाते जुळते त्या जागा गौताळ्यात थोड्या आहेत, आणि त्या दऱ्यांच्या तळाशी आहेत. दख्खनचा बेसाल्ट थराथरांनी रचलेला आहे. भेगांचा व पोकळ्यांचा सच्छिद्र थर पाणी झिरपू देतो. त्याखालचा घट्ट थर किंवा दोन थरांमधली तांबडी मातकट पट्टी ते अडवते, आणि जेथे दरीने हे थर कापले आहेत तेथे कड्यातून पाणी पाझरत राहते. वरचे पठार तापलेले असताना अशा घळीत उंबर, जांभूळ, करंज यांची गर्द सावली असते. पितळखोऱ्याची लेणी अशाच एका घळीत आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात खोदलेल्या या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत पैठणच्या दात्यांचा निर्देश आहे, म. न. देशपांडे यांनी १९५९ मध्ये ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकात त्यांचा साद्यंत वृत्तांत दिला. ज्या झिरपणाऱ्या खडकाने घळीतली झाडे जगवली त्यानेच ही लेणीही कुजवली. स्तंभ खचले, भिंतींचे थर सुटले, चित्रे धुऊन गेली. खोदणाऱ्यांना हे ठाऊक होते. चौथ्या क्रमांकाच्या लेण्याच्या दाराशी त्यांनी पाण्यासाठी खडकात पन्हळ कोरली आणि ती एका पंचफणी नागाच्या शिल्पात आणून सोडली. पाऊस लागला, की कड्यातले पाणी त्या पाच फणांतून बाहेर पडावे, अशी ती योजना आहे.